जखमेची साक्ष

27 मार्च 1972 रोजी रात्री आठच्या सुमारास तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका मजूर मुलीची वैद्यकीय तपासणी झाली. आदल्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका शिपायाने आपल्यावर बलात्कार केला आणि एका हवालदाराने अंगाशी झोंबाझोंबी केली, अशी तिची फिर्याद होती. घटनेला वीस तास उलटून गेले होते. डॉक्टरांनी जे लिहिले ते चार मुद्द्यांत संपते : अंगावर जखम नाही, योनिपटल फाटलेले, पण ते जुने, योनिमार्गात दोन बोटे सहज जातात, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. या चार मुद्द्यांपैकी एकाही मुद्द्यावरून आदल्या रात्री ठाण्यात काय घडले ते कळत नाही. तरीही पुढची सहा वर्षे, तीन न्यायालयांत खटला चालून, अखेर हाच कागद त्या मुलीच्या तोंडच्या साक्षीपेक्षा वरचढ ठरला. स्त्रीवरच्या अत्याचाराबद्दल आपल्याकडे ‘माहिती’ कशी तयार होते, ती कोण तयार करतो आणि ती पुढे कुणाच्या कामी येते, याचा इतिहास लिहायचा तर या कागदापासून मागे जावे लागते आणि पुढेही. जखम दिसली तर गुन्हा, नाही तर कांगावा, ही समजूत वैद्यकाने शोधून काढलेली नाही. ती संशयातून जन्मली, पाठ्यपुस्तकात शिरली, तिथून छापील फॉर्मवर उतरली. आणि कायदा बदलला तरी फॉर्म बदलला नाही म्हणून ती आणखी तीस वर्षे जगली. तिला बाहेर काढण्याचे काम अखेर कंटाळवाण्या वाटणाऱ्या संशोधनाने केले. मला मांडायचे आहे ते एवढेच.

आधी खटला. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत आहे आणि मुलीच्या नावावरून ‘मथुरा प्रकरण’ म्हणून लोकांच्या स्मरणात. मुलगी अनाथ, भावाकडे राहणारी, मोलमजुरी करणारी. एका तरुणाशी तिचे सूत जुळले, म्हणून भावाने तिला पळवून नेल्याची तक्रार दिली आणि त्या चौकशीसाठी सगळ्यांना रात्री ठाण्यात बोलावले गेले. साडेदहाच्या सुमारास बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले, तिला आत थांबवून घेतले. दिवे बंद, दारे बंद, आणि बाहेर जमलेली माणसे हाका मारताहेत. पुढे तिच्या कपड्यांवर आणि शिपायाच्या पायजम्यावर वीर्याचे डाग सापडले. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने जून 1974 मध्ये आरोपींना सोडले. संबंध आला असेल, पण तो बलात्कार नव्हे. मुलगीच खोटारडी, आपल्या माणसासमोर सोवळी ठरण्यासाठी हा बनाव रचते आहे, असा त्या निकालाचा रोख होता. तिचे वय सोळाच्या आत असल्याचे समाधानकारक सिद्ध होत नाही, असेही न्यायालयाने धरले. ते सिद्ध झाले असते तर संमतीचा प्रश्नच उरला नसता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 1976 मध्ये हा निकाल फिरवला. भीतीपोटी हतबल होऊन शरीर सोडून देणे म्हणजे राजी असणे नव्हे, हा फरक त्या खंडपीठाने नेमका पकडला होता. शिपायाला पाच वर्षांची आणि हवालदाराला एका वर्षाची शिक्षा झाली. सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. तिने विरोध केल्याचे सांगितले, पण अंगावर ओरखडाही नाही. म्हणून विरोधाची गोष्ट खोटी आणि म्हणून संमती होती, असा तो तर्क. नागपूरच्या न्यायमूर्तींना जे दिसले ते दिल्लीत का दिसले नाही, याचे एक उत्तर असे की दिल्लीने माणसाऐवजी तपासणीचा कागद वाचला.

तो कागद असा वाचायची सवय जुनी आहे. सतराव्या शतकातला इंग्रज न्यायाधीश मॅथ्यू हेल याने बजावून ठेवले होते की बलात्काराचा आरोप करायला सोपा, शाबित करायला कठीण, आणि निरपराध माणसाला खोडून काढायला त्याहूनही कठीण. अठराव्या शतकात त्याचा ग्रंथ छापून आला आणि हे वचन वकिलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पाठ केले. हिंदुस्थानात कंपनीचे राज्य आले तेव्हा या सर्वसाधारण संशयाला आणखी एक पुट चढले : इथला माणूसच मुळात खोटे बोलणारा, त्यामुळे त्याच्या जबानीपेक्षा शरीराची जबानी खरी मानावी. नॉर्मन चेव्हर्स या कलकत्त्याच्या डॉक्टराने 1856 साली बंगाल आणि वायव्य प्रांतासाठी न्यायवैद्यकाची पुस्तिका लिहिली, तिच्या पानोपानी हे गृहीतक आहे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे, सरकारचे रासायनिक विश्लेषक आयझिडोर लायन यांनी 1880 च्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्थानासाठी पाठ्यपुस्तक काढले. 1920 साली जयसिंग मोदी यांचे आले, आणि पुढे शंभर वर्षे आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघून ते डॉक्टर, वकील आणि पोलीस या तिघांच्याही टेबलावर राहिले. धडधाकट प्रौढ स्त्रीवर एकट्या पुरुषाला तिच्या मर्जीविरुद्ध जबरदस्ती करणे जवळजवळ अशक्य, अशा आशयाची विधाने या परंपरेत एका ग्रंथकाराकडून दुसऱ्याकडे निमूट सरकत आली. त्यांच्या मागे कुठलाही अभ्यास नव्हता. कुणीतरी कधीतरी म्हटले आणि पुढच्याने उतरवून घेतले. दोन बोटांच्या तपासणीचा माग काढणारे तिचा संबंध फ्रेंच न्यायवैद्यकतज्ज्ञ लेआँ त्वानो यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या लेखनाशी जोडतात. पुढे इथल्या पुस्तकांत तिचा एकच उपयोग उरला, स्त्री ‘सवयीची’ आहे की नाही हे ठरवणे. आणि सवयीचा प्रश्न डॉक्टरने सोडवावा अशी कायद्याचीच इच्छा होती. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 155 मध्ये तरतूद होती की बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे, असे दाखवता येईल. चोरीच्या खटल्यात फिर्यादी सावकाराने पूर्वी किती जणांना पैसे दिले होते हे विचारावे, तसा हा प्रकार.

या साऱ्याचे खापर एकट्या इंग्रजांच्या माथी फोडता येत नाही. चारित्र्यावरून बाईची साक्ष तोलायची रीत इथे आधीच होती, त्यात जातीची उतरंडही होती. इंग्रजी पुस्तकांना नांगरलेली जमीन मिळाली एवढेच. शिवाय याच जखमेच्या साक्षीने एकदा फार मोठे काम करून दाखवले होते, आणि ते सोडून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1890 साली कलकत्त्यात फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा पतीच्या संभोगाने रक्तस्राव होऊन मृत्यू झाला. पती हरी मोहन मैती तिच्यापेक्षा कितीतरी मोठा, तिशीपुढचा. 1860 च्या दंडसंहितेने संमतीचे वय दहा ठरवले होते आणि त्याच्या वरच्या पत्नीवर बलात्कार होऊच शकत नव्हता. म्हणून त्याला निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी झाली. शवविच्छेदनाचा अहवाल वर्तमानपत्रांत आला. त्याच सुमारास पन्नासहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला. त्यांनी दवाखान्यात पाहिलेल्या बालपत्नींच्या इजांची यादी त्याला जोडली होती. कुठलेही भाष्य नाही. कुणाचे हाड मोडले, कुणाचे अंग लुळे पडले, कोण दगावली, अशी कोरडी यादी. इकडे पुण्यात संमतीचे वय वाढवावे की नाही यावर शास्त्राधारांचा खल चालला होता. टिळकांचा ‘केसरी’ सरकारी हस्तक्षेपाच्या विरोधात उभा होता, आगरकरांचा ‘सुधारक’ बाजूने, आणि रामकृष्णपंत भांडारकर धर्मग्रंथांतूनच उत्तर देत होते. शास्त्रार्थ दोन्ही बाजूंनी करता येतो, यादीचे तसे नसते. 1891 साली वय दहाचे बारा झाले, आणि हिंदुस्थानात घरातल्या लैंगिक हिंसेबद्दल गोळा केलेल्या वैद्यकीय निरीक्षणांनी कायदा हलवल्याचे हे पहिले ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

पण या विजयातच एक खोट राहून गेली. ज्या मुलींना कायद्याने ऐकले त्या सगळ्या मेलेल्या किंवा मोडलेल्या होत्या. दहा वर्षांच्या मुलीचे शरीर जबरदस्ती लपवू शकत नाही. तिथे जखम हा खरोखरच पुरावा असतो. तोच निकष चौदा, सोळा, तीस वर्षांच्या स्त्रीला लावला की उलटा न्याय होतो. बालिकेच्या बाबतीत जो पुरेसा पुरावा होता तो मोठ्या स्त्रीच्या बाबतीत आवश्यक पुरावा होऊन बसला. फुलमणीला जी साक्ष लाभली तिच्याच अभावापायी देसाईगंजची मुलगी खोटी ठरली. सुधारकांना हे दिसले नाही याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. मुली मरत असताना त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. इतिहासकारांनी मात्र 1891 चा कायदा आणि 1978 चा निकाल वेगवेगळ्या प्रकरणांत टाकले आणि दोहोंच्या मुळाशी असलेला एकच निकष त्यामुळे झाकला गेला.

16 सप्टेंबर 1979 या तारखेचे, सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र आपल्याकडे ठाऊक आहे. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी त्यात विचारले होते की पोलीस ठाण्याच्या बंद दारांमागे एका गरीब मुलीकडून ‘विरोधा’ची अपेक्षा करणारा कायदा कुणासाठी आहे. पत्र वर्तमानपत्रांत छापून आले, शहरोशहरी मोर्चे निघाले, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. 1983 साली फौजदारी कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारासाठी वेगळे कलम आले. अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर ती नव्हती असे गृहीत धरायचे, अशी तरतूद झाली. पीडितेचे नाव छापायला बंदी आली. स्त्रीमुक्ती चळवळीच्या इतिहासात हा मानाचा टप्पा आहेच. मात्र ज्या कागदाने मुळात घात केला होता त्याला या दुरुस्तीने हातही लावला नाही. 1983 नंतरही जिल्हा रुग्णालयात रात्री ड्यूटीवर असलेला डॉक्टर तेच रकाने भरत होता : उंची, वजन, बांधा, योनिपटल शाबूत की फाटलेले, बोटे किती जातात, ‘सवय’ आहे काय. कलम 155 मधली चारित्र्याची तरतूद पुस्तकातून निघायला 2003 साल उजाडावे लागले. कायदा संसदेत बदलता येतो. फॉर्म कुठे बदलतात हे कुणाला नीट ठाऊकच नव्हते.

जखमेचा नियम चुकीचा आहे हे सिद्ध करायला कुणीतरी मुळात मोजायला हवे होते, आणि ते काम योगायोगाने त्याच 1972 साली दुसऱ्या टोकाला सुरू झाले. बॉस्टनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये ॲन बर्जेस ही मानसोपचार-परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ, दोघींनी ठरवले की बलात्काराची तक्रार घेऊन कुणीही आले की दिवस असो वा रात्र, आपण जायचे. जुलै 1972 पासून वर्षभरात त्या 146 जणांना भेटल्या, त्यांतल्या 92 प्रौढ स्त्रिया होत्या. दोघींनी त्यांना प्रसंगाच्या आधी, दरम्यान आणि नंतर काय केले ते विचारले आणि पुढेही संपर्क ठेवला. काही जणी रडत, थरथरत आल्या. काही अगदी शांत, चेहऱ्यावर काही नाही, आणि हीच शांतता आजवर खोटेपणाची खूण मानली जात होती. प्रसंगाच्या वेळी अनेकींना ना हलता आले होते ना ओरडता. जवळजवळ अर्धशतकानंतर या गोठण्याचे मोजमापही झाले. स्टॉकहोममधल्या बलात्कारग्रस्तांसाठीच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 70 टक्के स्त्रियांनी प्रसंगादरम्यान शरीर ठळकपणे गोठल्याचे सांगितले. दिसणाऱ्या जखमा जेमतेम एक तृतीयांश प्रकरणांत आढळतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या हवाल्याने आता आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्याच सूचनांत आहे. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये जी गोष्ट अपवादात्मक म्हणून संशयास्पद मानली, ती प्रत्यक्षात सर्वात नेहमीची होती. त्या न्यायमूर्तींपुढे हा पुरावा नव्हता असे त्यांच्या बचावात म्हणता येईल. पण नागपूर खंडपीठापुढे तरी तो कुठे होता?

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. शरीराचा पुरावा बाजूला सारला तर उरतो फक्त शब्द, एकीचा आणि एकाचा. मग निरपराध माणसाने स्वतःला वाचवायचे कसे? हेलची जुनी भीती हीच, आणि ती निव्वळ पुरुषी कांगावा म्हणून झटकून टाकता येत नाही. दिल्लीच्या न्यायालयांत 2013 साली निकाली निघालेल्या बलात्काराच्या खटल्यांचा ‘द हिंदू’ने एकेक निकालपत्र वाचून आढावा घेतला होता. पूर्ण सुनावणी झालेल्या सुमारे 460 खटल्यांपैकी 40 टक्के मुख्यतः पळून गेलेल्या जोडप्यांचे निघाले. मुलगा परजातीचा किंवा नापसंत, म्हणून आईबापांनी गुन्हा नोंदवलेला. तेव्हा खोटे खटले असतात हे खरे. मात्र त्यांतले बहुतेक खोटे स्त्रीचे नव्हते, तिच्या घराचे होते. आणि दोन बोटांची तपासणी या ठिकाणी करते काय? पळून गेलेल्या मुलीचे योनिपटल फाटलेले आढळते आणि तिच्या प्रियकराला तुरुंगात धाडायला ते वापरता येते. अत्याचार झालेल्या विवाहितेचे ते आधीच फाटलेले असते आणि तिला खोटे पाडायला तेच वापरता येते. खऱ्या आणि खोट्याला जी कसोटी सारखेच उत्तर देते, ती आरोपीला तरी संरक्षण कसे देणार! निरपराधाचा बचाव व्हायचा तर तो घटनाक्रमाच्या छाननीने, डाग-नमुन्यांच्या तपासणीने, साक्षीदारांच्या उलटतपासणीने होईल. देसाईगंजला हे सारे उपलब्ध होते. पायजम्यावर डाग होते, बाहेर जमाव होता, ठाण्याच्या नोंदवह्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने मात्र भार टाकला तो जे नव्हते त्यावर, म्हणजे जखमेवर.

महाराष्ट्रातला पुढचा भाग मला सर्वात मोलाचा वाटतो, कारण त्यात मोर्चे कमी आणि केस-पेपर जास्त आहेत. मुंबईची ‘सेहत’ ही संशोधन संस्था आरोग्यसेवेतले प्रश्न घेऊन काम करत होती. 2000 च्या सुमारास तिने महापालिकेबरोबर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र उभारले. भाजलेली, पडलेली, औषध प्यालेली बाई दवाखान्यात आली की तिच्या इजेमागे मारहाण आहे का हे विचारायला डॉक्टर-परिचारिकांना शिकवायचे, हा त्यामागचा विचार. 2008 पासून तीन महापालिका रुग्णालयांत लैंगिक अत्याचाराच्या तपासणीची वेगळी पद्धत राबवली गेली आणि तिच्या नोंदी ठेवून निष्कर्ष प्रसिद्ध केले गेले. दुसरीकडे सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतले न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी विदर्भातले तपासणीचे अहवाल गोळा करून वाचले. दोनशेहून अधिक पानांच्या त्यांच्या अहवालात निघाले ते असे : अर्धवट भरलेले कागद, न घेतलेले नमुने, ठोकळेबाज अभिप्राय आणि ‘सवयीची’ असल्याचे शेरे. 2010 मध्ये त्याच्या आधारे नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल झाली, म्हणजे मथुरा प्रकरणात वेगळा सूर लावणाऱ्या त्याच खंडपीठापुढे. राज्याला नवी तपासणी-पुस्तिका काढावी लागली. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाच्या एका खटल्यात दोन बोटांची तपासणी स्त्रीच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर घाला घालणारी ठरवली आणि 2014 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आल्या.

त्या सूचनांनुसार तपासणी कशी होते हे पाहिले की किती अंतर तोडले गेले ते कळते. पोलिसांचे पत्र नसले तरी रुग्णालयाने स्त्रीला परत पाठवायचे नाही. आधी उपचार, मग पुरावा. आणि प्रत्येक टप्प्यावर नाही म्हणायचा हक्क तिचा. जमिनीवर मोठा कागद अंथरतात, त्यावर उभी राहून ती कपडे उतरवते, म्हणजे अंगावरची माती, केस, धागा, गवताची काडी कागदावर पडते. मग तो कागद तसाच घडी घालून ठेवायचा. कपडे सावलीत वाळवायचे आणि एकेक वेगळ्या कागदी पाकिटात घालायचे, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरून नमुना कुजतो. नखे कापून घ्यायची, केस विंचरून घ्यायचे, बोळ्यांनी नमुने टिपायचे. 96 तासांपर्यंत हे नमुने घेण्यासारखे असतात. तिने अंघोळ केली होती का, कपडे धुतले होते का, हेही लिहायचे, म्हणजे नमुन्यात काही सापडले नाही तर ते का, हे न्यायालयाला कळेल. योनिपटलाचा उल्लेख करायचा तो ताजी इजा असेल तरच, गालावरच्या ओरखड्याचा करतात तसा. पूर्वीच्या संबंधांबद्दल शेरा मारायचा नाही. आणि अभिप्रायात हे स्पष्ट लिहायचे की जखम नसणे म्हणजे अत्याचार न होणे नव्हे. डॉक्टरला पहिल्यांदाच डॉक्टरचे काम दिले गेले. चारित्र्याच्या दाखल्यातून त्याची सुटका झाली, असेही म्हणता येईल.

यावर चळवळीतली माणसे म्हणतील की हे सगळे डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर तिथल्या रस्त्यांवर लोक उतरले म्हणून झाले. केस-पेपर वाचणाऱ्यांना रस्त्याने ऐकायला लावले. यात तथ्य आहे. 2013 ची कायदादुरुस्ती, शारीरिक प्रतिकार न करणे म्हणजे संमती नव्हे हे स्पष्टीकरण, खासगी रुग्णालयांवरही मोफत उपचाराची सक्ती, हे त्या रेट्याविना इतक्या लवकर घडले नसते. पण रेटा 1980 सालीही होता. तेव्हा मागणी होती आणि तिच्या मागे देशी नोंदी नव्हत्या; भारतीय रुग्णालयात नेमके काय घडते हे कुणी पानापानाने दाखवलेले नव्हते. म्हणून कलम बदलले, रकाना राहिला. 2013 मध्ये सरकारला ‘मग काय लिहायचे?’ असा प्रश्न पडला तेव्हा उत्तर भाभा रुग्णालयाच्या आणि सेवाग्रामच्या कपाटात तयार होते. दोन्ही वेळचा संताप सारखाच खरा होता, फरक पडला तो या तयारीने.

तपासणीच्या टेबलापर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रिया मुळात किती, हेही आता झाकलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून चालते. 2005–06 च्या फेरीपासून त्यात घरगुती आणि लैंगिक हिंसेवर सविस्तर प्रश्नावली आहे. तिथे ‘तुमच्यावर अत्याचार झाला का’ असे विचारत नाहीत. नवऱ्याने ढकलले का, थोबाडीत मारली का, तुमची इच्छा नसताना जबरदस्तीने संबंध ठेवला का, असे एकेक कृत्य विचारतात. अमेरिकेत मेरी कॉस यांनी 1980 च्या दशकात 32 महाविद्यालयांतल्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या पाहणीत हीच युक्ती वापरली होती. ज्यांच्यावर कायद्याच्या व्याख्येने बलात्कार झाला होता त्यांतल्या जेमतेम चौथ्या हिश्शाच्या मुली त्याला बलात्कार म्हणत होत्या. आपल्याकडे 2019–21 च्या फेरीत शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 14 टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. 77 टक्क्यांनी मदत मागणे दूर, कुणाला सांगितलेही नव्हते. आणि लैंगिक हिंसा सोसलेल्या विवाहितांपैकी 80 टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी सांगितलेला अत्याचारी सध्याचाच नवरा होता. घरोघरी जाऊन विचारलेल्या उत्तरांत अवघडलेपणा असतो, सासू शेजारच्या खोलीत असते, त्यामुळे हे आकडे फुगलेले नसून दबलेलेच असणार. आपला सगळा न्यायवैद्यकाचा खटाटोप ज्या ‘अनोळखी माणसाने अंधारात गाठले’ या चित्राभोवती उभा राहिला, ते चित्रच या आकड्यांत एका कोपऱ्यात जाते. पत्नीबाबतचा अपवाद मात्र फुलमणीच्या वेळी होता तसाच आहे. वय तेवढे दहाचे बारा झाले, असे करत 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरावर आणले, आणि 2023 च्या भारतीय न्याय संहितेने तो अपवाद अठराच्या वर जपून ठेवला.

पाठ्यपुस्तकांचे काय झाले? 2019 साली नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्याच्या खुणा शिकवणारा भाग अभ्यासक्रमातून काढायचे ठरवले; त्यामागेही सेवाग्रामचाच अहवाल होता. 31 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने झारखंडच्या खटल्यात पुन्हा सांगितले की दोन बोटांची तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. 2013 मध्ये बजावलेली गोष्ट नऊ वर्षांनी पुन्हा बजावावी लागली, कारण मधल्या काळात अशा तपासणीचे अहवाल येतच राहिले होते. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने देशभरच्या न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात दुरुस्त्या केल्या. आणि ऑगस्ट 2024 मध्ये याच आयोगाने नवा अभ्यासक्रम जाहीर केला, तेव्हा योनिपटलाचे प्रकार, त्याचे न्यायवैद्यकीय महत्त्व, कौमार्य आणि कौमार्यभंग हे विषय पुन्हा यादीत आले होते. डॉक्टरांच्या आणि हक्क संघटनांच्या आरड्याओरड्यानंतर काही दिवसांतच तो मागे घेऊन सुधारित मसुदा काढण्यात आला. हे जाणूनबुजून झाले असे मानायला आधार नाही. बहुधा जुन्या यादीवरून नवी यादी तयार करताना कुणी ती ओळ खोडली नाही. चेव्हर्सकडून लायनकडे आणि तिथून मोदींकडे ती याच वाटेने आली होती.